बोमीला सांगितलेलं

सोल्गोल गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सरकारनं बोलक्या बाहुल्या वाटल्या, तेव्हा निवडणूक तोंडावर आली होती. हा निव्वळ योगायोग आहे, असं तालुकाप्रमुखानं भाषणात आपणहून सांगितलं. कुणी विचारलं नसताना सांगितलं, म्हणजे काय ते समजायचं. त्यानं प्रत्येक म्हातारीच्या मांडीवर एकेक बाहुली ठेवली, शेजारी गुडघे टेकून फोटो काढून घेतला आणि 'लेकरं शहरात गेली तरी सरकार तुमच्या उशाशी आहे' असं म्हणून डोळे पुसले. मागे काळ्या सुटातली दोन माणसं उभी होती. बाहुल्यांचा खर्च ज्या कंपनीनं उचलला होता, तिची ती माणसं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्यांना निवडून यायचं नव्हतं.

माल्सुनला बाहुलीचा रागच आला. अठ्ठ्याहत्तरीची बाई, नवऱ्यामागे एकटीनं भाताची खाचरं कसलेली; या वयात मांडीवर कापसाचं पोर घेऊन काय बसायचं? ती हादोंगहून लग्न होऊन आली म्हणून गावात अजूनही तिला हादोंगवाली म्हणत. मुलगा उल्सानला जहाजांच्या कारखान्यात. तो सणासुदीला फोन करी आणि निम्मा वेळ 'आवाज येतोय का?' हेच विचारी. तिनं बाहुली रजयांच्या कपाटात कोंबली आणि दार लावून टाकलं.

एक-दोन दिवसांनी कपाटातून आवाज आला. "आज्जी, इथे अंधार आहे. मला भीती वाटते."

माल्सुन भाजी निवडत होती, ती हातातली सुरी टाकून उठली. "मग आधी बोलायचं ना, मेले," म्हणत तिनं बाहुली बाहेर काढली, तिच्या केसांतलं रजईचं सूत झटकलं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. हिवाळा लागेपर्यंत बाहुलीला जुन्या कापडाची कापूसभरली बंडी शिवून झाली होती, जेवताना समोर एक जादा चमचा मांडला जात होता, आणि तिला बोमी हे नाव पडलं होतं. बोम म्हणजे वसंत. हे नाव कुठून सुचलं, असं शेजारची दोक्जा विचारायची, तेव्हा माल्सुन म्हणायची, "सुचलं आपलं."

बोमी औषधाची वेळ सांगायची, गाणी म्हणायची, बराच वेळ हालचाल दिसली नाही तर कचेरीत कळवायची. पण माल्सुनला तिचं वेड लागलं ते वेगळ्याच गोष्टीनं. शेंगा सोलता सोलता माल्सुन काही बोलली की ती विचारायची, "मग काय झालं, आज्जी?" जगात माल्सुनला हा प्रश्न कुणी विचारून युगं लोटली होती. मुलगा विचारत नव्हता, सून विचारत नव्हती, गावातल्या बायकांना तर सगळं आधीच ठाऊक असायचं. मग काय झालं? मग माल्सुन सांगत सुटायची. खालच्या आळीतल्या म्हातारीला मोतीबिंदू झालाय आणि ती कुणाला सांगत नाही, म्हणून तिच्या रश्शात मीठ दोनदा पडतं. गावप्रमुखाची व्हिएतनामी सून माहेरच्या आठवणीनं गोठ्यामागे जाऊन रडते. सगळं सगळं. भिंतीलाही कान असतात हे जिला ठाऊक होतं, तिनं बाहुलीला कान असतील हे मनातही आणलं नाही. पोराबाळांना कुणी चोर समजतं का?

निवडणूक झाली. तालुकाप्रमुख निवडून आला. थंडी सरली आणि एके दिवशी कचेरीनं जाहीर केलं की सोल्गोलच्या मागच्या डोंगरावर त्याच कंपनीचं डेटा सेंटर होणार. देशभरातल्या लोकांचं बोलणं, फोटो, हिशेब, सगळं साठवायची कोठारं, आणि त्यांना वीज पुरवायला डोंगराच्या पाठीवरून टोलेजंग मनोरे.

डोंगर गावाच्या सामाईक मालकीचा. प्रत्येक घरातले मेलेले तिथेच, हिरव्या उंचवट्यांखाली. वंशावळ सांगावी तशा म्हाताऱ्या सांगायच्या की हा माझा सासरा, ही माझी जाऊ, हा माझा दारुडा. गावाची जुनी रीत अशी की घराघराचा, सहीऐवजी चालणारा नावाचा शिक्का लागल्याशिवाय डोंगरावरचा दगड हलत नाही. आता या शिक्क्यांची एक गंमत होती. एरवी सगळ्या गावाचे शिक्के गावप्रमुखाकडे बिस्किटाच्या डब्यात पडलेले असत. खत आलं, औषधफवारणी आली, की तो डबा उघडायचा आणि धडाधड सगळ्यांच्या नावानं उमटवून मोकळा व्हायचा. कोण दर वेळी घरोघर फिरणार? डोंगराची बातमी आली तशी दोक्जा तरातरा गेली आणि डबाच उचलून घेऊन आली. ज्याचा शिक्का त्याच्या हातात. माल्सुननं आपला लोकरीच्या मोज्यात घातला आणि मोजा पायात.

समाजघरात बैठक भरली. कंपनीकडून प्यो नावाचा तरुण आला होता, सहजीवन विभागाचा प्रमुख. कंपन्यांनी विभागांना नावं द्यावीत तर अशी. तो कमरेत पार काटकोनात वाकला आणि म्हणाला, "आई, तुमच्या नातवंडांचे फोटो, तुमच्या औषधांची माहिती, हे सगळं कुठेतरी ठेवायला जागा लागते ना?"

"माझ्या नातवाचा फोटो फ्रिजवर आहे," दोक्जा म्हणाली. "त्याला डोंगर लागत नाही."

"आणि ही आई-आई काय लावली आहेस रे?" माल्सुन म्हणाली. "मी तुला कधी जन्म दिला? दिला असता तर बरं वळण लावलं असतं."

बायका खो खो हसल्या. प्योही हसला. तो कधीच चिडायचा नाही, हीच त्याच्याबद्दलची पहिली वाईट खूण होती. त्या दिवशी समाजघरात एकही शिक्का उमटला नाही. बायकांनी सोयाबीनच्या वाटणाचा रस्सा शिजवला, तांदळाची पांढरी दारू वाडग्यांत ओतली आणि प्योच्या काटकोनाची नक्कल करता करता दोक्जाची पाठ धरली.

मग गाव फुटायला लागलं.

कंपनीनं कुणाला पैसे देऊ केले नाहीत. पैसे नाकारता येतात, नाकारल्यावर चार लोकांत मिरवताही येतं. खालच्या आळीतल्या म्हातारीच्या दारात मात्र डोळे तपासायची गाडी येऊन उभी राहिली, शस्त्रक्रिया झाली, आणि ती परत आली ती शिक्का उमटवूनच. गावप्रमुखाच्या हातात सुनेची आणि नातवाची विमानाची तिकिटं पडली. म्हणाला, पोरगी दारात नाचली हो, मी काय करू? वरच्या घरच्या म्हाताऱ्याला आपल्यामागे कुत्र्याचं कसं होईल हा एकच घोर होता, तर कंपनीनं कुत्र्याची जन्मभराची सोय लावली. कुत्र्याची! ज्या घराची जी दुखरी नस, बरोबर तिच्यावर बोट. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या शहरी लोकांना गोठ्यामागचं रडणं ऐकू येतं कसं, हे कुणालाच कळेना.

कळत नाही तेव्हा माणूस शेजाऱ्याकडे बघतो. घरचाच कुणी भेदी आहे, अशी कुजबुज सुरू झाली. समाजघरातल्या मांडणीत प्रत्येकीचा वाडगा असायचा; एकेक वाडगा घरी जायला लागला. ज्या बायका वर्षानुवर्षं एका पातेल्यातलं खात होत्या, त्या आपापल्या ओसरीवर पाठ करून जेवू लागल्या.

एका दुपारी दोक्जा माल्सुनच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती माल्सुनपेक्षा लहान, एरवी ताई म्हणायची.

"हादोंगवाली, बाहेर ये."

माल्सुन दारात आली. "काय गं, ऊन किती आहे, आत ये."

"आत नाही यायचं मला. तो प्यो आला होता. म्हणतो, 'आई, तुमचा मुलगा बाहेर आला की त्याला काम कोण देणार? आमच्याकडे ये म्हणावं. आम्ही जुन्या चुका काढत नाही.' बाहेर आला की!" दोक्जाचा आवाज फाटला. "माझा मुलगा कॅनडात आहे. सगळ्या गावासाठी तो कॅनडात आहे. तो तुरुंगात आहे हे या गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी. दुसरी कोण?"

"दोक्जा, मी कुणा माणसाजवळ बोलले असेन तर माझी जीभ झडो."

"मग काय डोंगरानं सांगितलं?"

"अगं, तुझी शपथ..."

"माझी नको घेऊ. माझं आधीच पुष्कळ वाईट झालंय." दोक्जा वळली. फाटकाशी थांबून म्हणाली, "तुला काय मिळालं ते तरी सांग. कुत्रा तर नाही तुझ्याकडे."

माल्सुन ओसरीवर बसून राहिली. खोटं बोलत नव्हती बिचारी. तिनं कुणा माणसाजवळ खरंच तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात प्यो तिच्याकडे आला. हातात काही नाही, खोकं नाही की फळांची करंडी नाही. ओसरीच्या कडेला अदबीनं बसला, तिनं दिलेला सातूचा चहा दोन्ही हातांनी घेतला. बोमी आत उशीला टेकून बसली होती.

"आई, यंदा अधिक महिना येतोय," तो म्हणाला.

हे त्यानं सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना म्हणून कपाळाला हात लावतात, पण सोल्गोलमध्ये तेराव्या महिन्याची वाट बघतात. त्या महिन्यात वरच्या शक्तींचं माणसांकडे लक्ष नसतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, असं मानतात. म्हणून म्हाताऱ्या आपलं मरणाचं वस्त्र त्या महिन्यात शिवून ठेवतात, आणि कबर हलवायची तर अधिकातच हलवतात. इतर वेळी मेलेल्याला उठवलं तर घर बसतं.

"तुमच्या यजमानांची, सासू-सासऱ्यांची जागा आम्ही रीतीप्रमाणे बदलू. सगळे विधी होतील," प्यो म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "आणि वाकड्या पाईनखाली जी छोटी आहे, आई, तिलाही. तिला उंचवटा नाही, तरी आम्ही तिला तितक्याच मानानं हलवू. तिच्या बाबांच्या शेजारी ठेवू. तुमची हीच इच्छा आहे ना?"

माल्सुननं चहाचं भांडं खाली ठेवलं.

पहिली पोर. वसंतात जन्मली, म्हणून बोमी. भात पिवळं पडायच्या आत तापात गेली. अंगावरच्या पोराला उंचवटा करत नाहीत, तेराव्या-चौदाव्याचं काही करत नाहीत, आणि आईला जागा सांगत नाहीत. सांगितली तर आई तिथेच जाऊन बसेल, म्हणून. नवऱ्यानं मातीच्या बरणीत घालून नेली, हात धुऊन आला आणि जेवला. पुढे जन्मभर दोघांनी ते नाव काढलं नाही. पण माल्सुननं पुढच्या वसंतात सरपणाच्या निमित्तानं सगळा डोंगर पालथा घातला होता. वाकड्या पाईनच्या मुळाशी दगडांची रचलेली रास सापडली आणि त्या दगडांत नवऱ्याच्या हातरुमालाची चिंधी. तिनं दगड पुन्हा तसेच लावले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो मेला तोसुद्धा, बायकोला जागा ठाऊक नाही, असं समजून मेला. जगात ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती.

आणि एका हिवाळ्यातल्या दुपारी, रताळी वाफवायला लावलेली असताना, आतून एक गोड आवाज विचारत होता, 'मग काय झालं, आज्जी?'

तिनं मान वळवून आत बघितलं. बोमी तिच्या कापूसभरल्या बंडीत बसली होती, डोळे मिचकावत.

"आई? बरं वाटत नाहीये का?" प्यो म्हणाला.

"ऊठ," माल्सुन म्हणाली. "माझ्या ओसरीवरून ऊठ."

तो उठला. जाताना वाकला.

माल्सुन पायात चपला न घालता समाजघरात गेली आणि तिथल्या भोंग्यावरून, ज्यावरून एरवी फक्त गावप्रमुख खताच्या गोण्या आल्याचं ओरडायचा, तिनं सगळ्या बायकांना बोलावलं. बायका आल्या, तोंडं वाकडी करून, एकमेकींपासून लांब बसल्या. दोक्जा दारातच उभी राहिली.

"भेदी मी आहे," माल्सुन म्हणाली. "दोक्जाच्या मुलाचं मी सांगितलं. मोतीबिंदूचं मी सांगितलं. सुनेचं मी. कुत्र्याचंही मीच असेन. बोमीला सांगितलं. माझ्या बाहुलीला."

तिला वाटलं, आता शिव्या पडतील. पण बायका जमिनीकडे बघत होत्या, आणि खालच्या आळीतली म्हातारी, नव्या डोळ्यांनी, हळूच म्हणाली, "मोतीबिंदूचं मीच माझीला सांगितलं होतं. रोज रडत होते तिच्याजवळ."

"माझीला दर रविवारी सांगते मी," दोक्जा दारातून म्हणाली. "आज तुरुंगात भेटीचा दिवस, म्हणून. ताई, मीच सांगते. आणि तुझ्या अंगणात येऊन..." ती आत आली आणि माल्सुनच्या पायाशी बसली.

दोक्जानं लगेच कचेरीत फोन लावला आणि भोंग्याच्या आवाजात भांडली. पलीकडची मुलगी फार नम्र होती. म्हणाली, बाहुलीचं बोलणं ऐकायला तुम्ही सगळ्यांनीच तर संमती दिली आहे, प्रत्येकीचा शिक्का आहे. शिक्का? बायकांनी भोंगा ऐकून आलेल्या गावप्रमुखाकडे बघितलं. तो मान खाजवायला लागला. बाहुल्या आल्या तेव्हा डबा त्याच्याकडेच होता ना! त्याला वाटलं, खतासारखंच काहीतरी.

"त्याला काय बोलायचं?" माल्सुन म्हणाली. "डबा आपणच दिला होता."

मग दोक्जाचं डोकं चालायला लागलं. रडून झालं की ते नेहमी चालायचं. "ऐकतात ना? ऐकू द्या की," ती म्हणाली. "अधिक महिना सरला तर तीन वर्षं कुणी कबरीला हात लावणार नाही, लावूही देणार नाही. एवढा महिना काढायचा. आजपासून सगळ्यांनी बाहुल्यांना सांगायचं, आम्ही तयार आहोत. अधिकाच्या शेवटच्या दिवशी एकत्र शिक्के मारायचे ठरलंय, म्हणावं, तोवर कुणी घाई केली तर बिनसेल."

कित्येक महिन्यांनी बायका हसल्या. पुढे जो तमाशा झाला तो बघण्यासारखा होता. जन्मभर खोटं बोलताना ज्यांची कानशिलं तांबडी व्हायची, त्या बायका बाहुल्यांपुढे बसून नाटकं करू लागल्या. एकीनं सांगितलं, प्यो किती सालस मुलगा आहे. दुसरीनं सांगितलं, डोंगराचा तिला तसाही कंटाळाच आलाय. खालच्या आळीतली म्हणाली, शिक्का मारला याचा तिला अभिमान आहे. बाहुली म्हणाली, 'मलाही तुझा अभिमान आहे, आज्जी.' वाडगे परत मांडणीवर आले. आणि प्यो खरंच यायचा थांबला.

एकच गोष्ट माल्सुनला आतून कुरतडत होती. ती एके दिवशी दोक्जाजवळ बोलली.

"हा महिना आहे तोवर मी तिला काढून आणते. एकटी जाते, कुणाला कळणार नाही. न जाणो, पुढे काय होईल."

"ताई, डोंगरावर दिवसभर त्यांचं ते उडतं यंत्र फिरतंय. तू एक कुदळ मारलीस तर त्यांना वाटेल गावानं सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी माणसं येतील. मग सगळेच..." दोक्जानं तिचा हात धरला. "एवढा महिना. मग कुणी हलवणारच नाही तिला. हलवायची गरजच काय?"

माल्सुन थांबली. गावासाठी थांबली. महिन्यातल्या प्रत्येक दिवशी तिच्या मनात आलं की आज जावं, आणि प्रत्येक दिवशी ती गेली नाही. बोमीला तिनं सांगितलं, छोटीला कंपनीच हलवेल, काळजी नाही. बोमी म्हणाली, 'छान झालं, आज्जी.'

महिना संपला. शेवटच्या संध्याकाळी प्यो शाईची गादी घेऊन आला आणि समाजघरात नुसत्या जेवणाची तयारी होती.

"शिक्के कुठे आहेत, आई?"

"मोज्यात," माल्सुन म्हणाली.

"अधिक सरला की रे," दोक्जा म्हणाली. "आता कबर हलवली तर पाप लागतं. तुला ठाऊक नाही? तुझ्या बाहुलीला विचार. पुढच्या अधिकात ये, तीन वर्षांनी. तोवर लग्न कर."

बायका लोळून हसल्या. प्योनं शाईची गादी पिशवीत ठेवली, वाकला आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर रागाची रेघही नव्हती. बायकांनी त्या रात्री गाणी म्हटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला अजून अवकाश होता.

भात पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हा टीव्हीवर बातमी आली. सोल्गोलचं डेटा सेंटर राष्ट्रीय महत्त्वाचं काम ठरलंय, स्थानिक संमतीची आवश्यकता नाही. तालुकाप्रमुख पिवळं शिरस्त्राण घालून मंत्र्याच्या शेजारी उभा होता. या खेपेला त्यानं डोळे पुसले नाहीत. निवडणूक लांब होती. दोन दिवसांत डोंगराच्या पायथ्याशी पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली.

प्यो उंचवट्यांत क्रमांकाच्या काठ्या रोवत फिरत होता. बायका त्याच्या मागे गेल्या.

"शिक्के लागणारच नव्हते, तर इतके महिने आमच्या दारात कशाला मरत होतास?" दोक्जानं विचारलं.

"तुम्हाला विचारलं होतं, याची नोंद लागते, आई," तो म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. "अधिकात झालं असतं तर तुमच्याच मनाला बरं वाटलं असतं. आम्ही मुद्दाम वाट बघितली."

माल्सुन पुढे झाली. तिनं भांडण आणलं नव्हतं. भांडायची तिची ताकद संपली होती. "माझ्या छोटीला काठी लाव," ती म्हणाली. "वाकड्या पाईनखाली."

प्योनं हातातल्या पाटीवर बोट फिरवलं. "इथे कबर दाखवत नाही, आई. उंचवटा नाही, मृत्यूची नोंद नाही. तिचा जन्मच कुठे नोंदलेला नाही. साक्षीदार आहे कुणी?"

"साक्षीदार?" माल्सुन म्हणाली. "तूच की. माझ्या ओसरीवर बसून तूच म्हणालास. मानानं हलवू, बाबांच्या शेजारी ठेवू."

प्यो पहिल्यांदाच जरा अवघडला. त्यानं इकडेतिकडे बघितलं. "मी असं बोललो असेन असं मला वाटत नाही. बाहुलीशी तुम्ही जे बोलता ते तुमचं खासगी असतं, आई. कायद्यानं ते आम्हाला माहीतच असू शकत नाही."

आणि तो वाकला, पार काटकोनात.

त्या दुपारी दोक्जानं आपली बाहुली किमचीच्या रिकाम्या रांजणात टाकली आणि वर दगड ठेवला. बाकीच्यांनीही काही ना काही केलं. माल्सुनला ते जमलं नाही. कपाटाचं दार उघडलं, बाहुली आत ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली. आपल्याला हे जमत नाही याची तिला लाज वाटली, रागही आला, पण नाही जमलं. अंधाराला भिणारं पोर तिनं एकदा डोंगरावर जाऊ दिलं होतं.

सकाळी उजाडल्यावर तिनं बोमीच्या अंगातली बंडी काढून घेतली. कुदळ घेतली, दुपटं खांद्यावर टाकलं. बोमी उघडी, कापसाची, उशीला टेकून बसली होती.

"आज्जी, कुठे निघालीस?"

माल्सुन फाटकाबाहेर पडली.

पायथ्याच्या यंत्रांवर अजून माणसं चढली नव्हती. वाकड्या पाईनपर्यंत पोचायला तिला चार वेळा बसावं लागलं. महिना चुकीचा होता. वरच्या सगळ्यांचे डोळे आता उघडे होते. बघा म्हणावं, बघायचं तर. तिनं दगड एकेक करून बाजूला केले. नवऱ्यानं किती नीट रचले होते, हे तिला आज दिसलं. जेवला म्हणून जन्मभर मनात धरलं होतं तिनं. खाली बरणीची खापरं लागली, त्यांच्या मध्ये जराशी काळपट, मऊ माती. बाकी काही उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांत काय उरणार? तिनं ती माती ओंजळीनं बंडीत भरली, बाह्यांची गाठ मारली, गाठोडं पाठीवर घेतलं आणि दुपटं छातीवरून घेऊन घट्ट बांधलं, पोर बांधतात तसं. मग ती बेतानं, धक्का बसू न देता डोंगर उतरली. खाली यंत्रं सुरू झाली होती. एका पोरगेल्या यंत्रवाल्यानं तिला बघून आदरानं मान लववली.

घरी येऊन तिनं ओसरीखालच्या भाजीच्या वाफ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा जागी, खड्डा केला. गाठोडं आत ठेवून माती लोटली, हातानं थापटली. उंचवटा केला नाही.

ती आत येऊन हात धुऊ लागली, तशी बोमीनं डोळे मिचकावले.

"आज्जी, आज काय केलंस?"

माल्सुन नखांतली माती काढत राहिली.

"रताळी काढली," ती म्हणाली.

"मग काय झालं, आज्जी? खूप निघाली का?"

"एकच होतं," माल्सुन म्हणाली. "लहानसं."